ट्युनिशियाची लोकशाही बुडताना बाहेरच्यांनी काय करायला हवं होतं?

(एका धाग्यावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कऱ्हाकाठ

१७ डिसेंबर २०१० ला ट्युनिशियातल्या सिदी बूझिद या गावी मोहम्मद बुआझिझी या हातगाडीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं. अधिकाऱ्यांनी त्याचा माल आणि तराजू जप्त केला होता. महिना उलटायच्या आत, १४ जानेवारी २०११ ला, २३ वर्षं सत्तेवर बसलेला राष्ट्राध्यक्ष बेन अली विमानाने सौदी अरेबियाला पळाला. त्याच वर्षी घटना समितीची निवडणूक झाली, २०१४ मध्ये नवी घटना आली, आणि अरब देशांत लोकशाही रुजू शकते हे सांगायला सगळ्यांना एक उदाहरण मिळालं.

२५ जुलै २०२१ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी पंतप्रधानांना काढलं, संसद गोठवली आणि तिच्या फाटकावर लष्कराची गाडी उभी केली. पुढे नवी घटना त्यांनी स्वतःच्या मनाप्रमाणे लिहून घेतली. २०२२ च्या सार्वमताला जेमतेम तीस टक्के लोक आले आणि त्याच डिसेंबरातल्या संसद निवडणुकीला अकरा टक्क्यांच्या आसपास.

माझा राग युरोपवर आहे. २०११ मध्ये ‘जितक्या जास्त सुधारणा, तितकी जास्त मदत’ असं जाहीर धोरण करणारी हीच मंडळी. दहा वर्षं निवडणूक निरीक्षक पाठवले, अनुदानं दिली. आणि बोलायची वेळ आली तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली. जुलै २०२३ मध्ये तर इटलीच्या पंतप्रधान मेलोनी, नेदरलँड्सचे तेव्हाचे पंतप्रधान रुटे आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष फॉन डेर लायन राजधानी ट्युनिसला जाऊन सईद यांच्याशी करार करून आले. स्थलांतर रोखण्यासाठी साडेदहा कोटी युरो! त्याच दिवसांत आफ्रिकी स्थलांतरितांना गाड्यांत भरून लिबियाच्या सीमेवरच्या वाळवंटात सोडलं जात होतं. लोकशाही बाहेरून उभी करता येत नाही, हे मला मान्य आहे. पण मोडणाऱ्याला पैसे देऊ नयेत, एवढं तरी करता येतं की नाही?

सातमाळा

तुमचा राग समजतो, पण तुमची अपेक्षा चुकीच्या माणसांकडून आहे. बेन अली पळण्याच्या काही दिवस आधी, आंदोलकांवर गोळ्या झाडल्या जात असताना, फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री मिशेल आलियो-मारी यांनी आपल्या संसदेत काय सुचवलं होतं आठवतं का? गर्दी हाताळण्याचं फ्रेंच पोलिसांचं कसब ट्युनिशियाला देऊ केलं होतं. फेब्रुवारीत त्यांना राजीनामा द्यावा लागला.

थोडं मागे जा. १९९१ च्या डिसेंबरात शेजारच्या अल्जीरियात इस्लामी पक्ष पहिली फेरी जिंकला, जानेवारीत लष्कराने निवडणूकच रद्द केली आणि पाश्चात्त्य राजधान्यांनी ते खपवून घेतलं. २००६ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये हमास जिंकली, तर निकाल लागल्यावर मदत थांबली. २०१३ मध्ये इजिप्तच्या लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवलं. त्याला सत्तापालट म्हणायला अमेरिका शेवटपर्यंत तयार झाली नाही, कारण तसं म्हटलं की कायद्याने मदत बंद करावी लागते. असा इतिहास असलेल्यांनी २०२१ मध्ये कडक निवेदनं काढली असती तर सईद यांचंच बळ वाढलं असतं. २५ जुलैच्या त्या रात्री ट्युनिसच्या रस्त्यांवर लोक हॉर्न वाजवत आनंद करत होते, हेही तुमच्या लेखात यायला हवं होतं.

लिंबोणी

दोघांच्याही बोलण्यातून २०१३ निसटतंय.

त्या वर्षी फेब्रुवारीत शोक्री बेलाइद आणि जुलैत मोहम्मद ब्राहमी या दोन विरोधी नेत्यांचे खून झाले. देश इजिप्तच्याच वाटेने जाणार असं दिसत होतं. सावरलं कोणी? १९४६ पासूनची कामगार संघटना, तिच्याशी एरवी भांडणारी मालकांची संघटना, मानवी हक्क लीग आणि वकिलांची संघटना. या चौघांनी सगळ्या पक्षांना एका टेबलाशी बसवलं. घटना समितीत सर्वांत मोठ्या असलेल्या एन्नाहदा या इस्लामी पक्षाने सरकार सोडलं. निवडणुकीत हरून नव्हे, वाटाघाटीत. २०१५ चं शांततेचं नोबेल या चौकडीला मिळालं ते उगाच नाही.

बाहेरच्यांचा हात होता, पण पडद्यामागे. घटनेच्या मसुद्यावर, घटनांबाबत सल्ला देणाऱ्या युरोपातल्या व्हेनिस आयोगाने कलमवार मत दिलं. ट्युनिशियाच्या घटना समितीने त्यातलं पटलं ते घेतलं, नाही ते सोडलं. मला वाटतं परराष्ट्रनीतीने लोकशाहीसाठी करायचं काम हेच. विचारलं तर सांगायचं, आणि निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्यायचा.

कऱ्हाकाठ

लिंबोणी, याच व्हेनिस आयोगाचं पुढे काय झालं तेही सांगा ना. मे २०२२ मध्ये त्यांनी सार्वमताच्या पद्धतीवर प्रतिकूल मत दिलं. सईद यांनी त्यांच्या माणसांना देशातून जायला सांगितलं आणि गरज पडली तर आयोगाचं सदस्यत्वच सोडू अशी धमकी दिली. विचारलं तरच सांगायचं म्हणता, पण विचारणारेच तुरुंगात गेले की कोणाला सांगणार?

सातमाळा, लोकांनी आनंद केला हे खरं. पण २०१४ च्या घटनेत घटनात्मक न्यायालय होतं आणि ते २०२१ पर्यंत बनलंच नाही. न्यायाधीश कोणाचे यावर पक्षांचं एकमत होईना. म्हणून आणीबाणीचे अधिकार देणाऱ्या ऐंशीव्या कलमाचा अर्थ सईद लावतील तोच झाला. सात वर्षं हे न्यायालय रिकामं असताना मदत देणाऱ्यांपैकी कोणी त्याचा पुरेसा आग्रह धरला नाही. खरा आग्रह होता तो सरकारी सबसिडी कमी करण्याचा.

वणीची वाट

धागा वाचून राहवलं नाही. मी सहली काढण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे माझी आठवण वेगळी आहे.

२६ जून २०१५ ला सूस गावच्या समुद्रकिनाऱ्यावर एका बंदूकधाऱ्याने ३८ पर्यटक मारले, त्यातले ३० ब्रिटिश. पुढच्याच महिन्यात ब्रिटनने आपल्या लोकांना ट्युनिशिया सोडायला सांगितलं. तो सल्ला जुलै २०१७ पर्यंत उठला नाही. दोन हंगाम गेले! हॉटेलं बंद, वेटर, ड्रायव्हर, गालिचे विकणारे सगळे घरी. ज्या सरकारांनी भाषणांत ट्युनिशियाला आशेचा किरण म्हटलं, त्यांच्यातल्याच एकाने एका पत्रकाने तिथली चूल विझवली. आपल्या नागरिकांची काळजी त्यांनी करू नये असं मी म्हणणार नाही, मीही केली असती. पण मग भरपाई तेवढी मोठी हवी होती. युरोपने काय दिलं? दोन वर्षं प्रत्येकी ३५ हजार टन जादा ऑलिव्ह तेल विनाशुल्क घेतलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो इथे खरोखर काडीएवढाच होता.

सिदी बूझिदच्या पोराला मतपेटी नको होती असं नाही, पण त्याला आधी तराजू परत हवा होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०१३ आणि २०१६ च्या कर्जांनी सरकारचा पगारखर्च आणि सबसिडी कमी करा म्हटलं, रोजगार मात्र वाढले नाहीत. सईद २०१९ मध्ये सत्तर टक्क्यांवर मतं घेऊन आले ते याच वैतागावर.

सातमाळा

वणीची वाट, तुमचं सगळं पटलं. म्हणूनच विचारतो, कऱ्हाकाठ, तुम्ही म्हणता तसे पैसे थांबवले असते तर भुर्दंड कोणाला पडला असता? अमेरिकेने २०२१ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलरचा विकासकरार थांबवला. सईद जागचे हलले नाहीत. सौदी अरेबियाने जुलै २०२३ मध्येच तेवढे पैसे देऊ केले, लोकशाहीचा ‘ल’ न उच्चारता. नाणेनिधीच्या अटींनाही सईद यांनी बाहेरचे हुकूम म्हणून नकार दिलाच होता. आणि आपणही हात झटकू नयेत. आपल्या शिवारात पडणाऱ्या डीएपीसाठी लागणारं फॉस्फोरिक आम्ल तिथून येतं, तिथल्या कारखान्यात भारतीय खत कंपन्यांची भागीदारी आहे. दिल्लीने या विषयावर आवाज चढवलेला नाही आणि चढवावा असं मलाही वाटत नाही. आपली १९७५ ची आणीबाणी परदेशी पत्रकांनी उठली नाही, ७७ च्या मतांनी गेली.

लिंबोणी

७७ ला मतपेटी खरी होती, सातमाळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्युनिशियात सईद ९० टक्क्यांनी जिंकले, तेव्हा त्यांच्या विरोधात उभा असलेला एक उमेदवार तुरुंगात होता. ही तुलना मला सोसत नाही.

आणि एक गोष्ट मला कालपासून छळते आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिथे सुमारे चाळीस जणांना राज्याविरुद्ध कट केल्याबद्दल १३ ते ६६ वर्षांच्या शिक्षा झाल्या. वकील, राजकारणी, उद्योजक. आरोपांचा एक भाग काय होता? परदेशी राजदूतांना भेटले. म्हणजे मी ज्याला शांत मदत म्हटलं, तीच त्यांच्या गळ्यात अडकली.

सातमाळा

मग मी तेच सांगत नव्हतो का? लांब राहा.

कऱ्हाकाठ

नाही, मी याच्या उलट म्हणेन. त्या भेटींत समोर बसलेले राजदूत कोणत्या ना कोणत्या सरकारचे नोकर होते. त्यांच्यावर खटला नाही, शिक्षा नाही. त्यांच्या सरकारांनी भर पत्रकार परिषदेत सांगावं की आमचा माणूस अमुक तारखेला यांना भेटला, बोलणं इतकंच झालं, यात कट नव्हता. त्याला एक युरो लागत नाही.