फिट क्लायंटचा आठवडा कसा आखावा? (रविवारचा सिंहगड धरून)

जिमपुणे
क्लायंट ३४ वर्षांचा, वजन ७२ किलो, दुखापत नाही. स्क्वॉट १०० किलो × ५, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) १२० × ५, १० किमी ५२ मिनिटांत. सोमवार ते शुक्रवार रोज तासभर मिळतो. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, तो काही सोडणार नाही. एकसुरी व्यायामाचा कंटाळा येतो म्हणून रोज नवीन काहीतरी देतोय. सध्या सोमवारी पाय, मंगळवारी छाती, बुधवारी इंटरव्हल (जोरात-हळू आलटून पालटून), गुरुवारी डेडलिफ्ट, शुक्रवारी सर्किट (न थांबता एकामागून एक व्यायाम). सोमवारी स्क्वॉट हमखास ढेपाळतो आणि दोन महिने आकडे जागचे हललेले नाहीत. काय बदलू?

तालीमवाला
आधी सोमवारचा स्क्वॉट हलवा. गड चढताना दम लागतो, पण मांड्यांची वाट लावते ती उतरण. प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो. दर आठवड्याच्या सरावानं दुखणं कमी होतं, तरी दुसऱ्या दिवशी जड वजनाला पूर्ण ताकद मिळत नाही.

मी असं लावेन. सोमवारी वरचं शरीर जड: बेंच ५×५ (५ सेट, प्रत्येकी ५ रेप), वजन बांधून पुल-अप ४×५, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) ३×८. मंगळवारी ४० मिनिटं सावकाश धावणं, पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच. बुधवारी स्क्वॉट ५×३. १०० × ५ म्हणजे एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाचा अंदाज ११५ किलोच्या आसपास, त्याचे ८५ टक्के म्हणजे ९७.५ किलो, सेटमध्ये ३ मिनिटं विश्रांती. मग रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून कंबरेतून झुकत) ३×८. गुरुवारी हलकं: ओव्हरहेड प्रेस ३×१०, जोर, मुद्गल. शुक्रवारी आधी डेडलिफ्ट १०५ किलोनं ३×३, नंतर सायकलवर ४ मिनिटांचे ४ इंटरव्हल, मध्ये ३ मिनिटं हळू पेडल. हृदयगती कमाल गतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ द्या. रोइंग मशीन नको, डेडलिफ्टनंतर कंबर थकलेली असते आणि पाठ गोल होते. शनिवारी पूर्ण सुट्टी.

नाशिककर_फिजिओ
मांडणी पटली. पण आकडे अडण्याचं मोठं कारण मला 'रोज नवीन' हेच वाटतं. नवा व्यायाम दिला की अंग दुखतं आणि क्लायंटला वाटतं, आज मस्त झालं. तोच व्यायाम परत आलाच नाही तर वजन वाढवणार कशावर? स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, पुल-अप सहा आठवडे तेच ठेवा. वैविध्य पूरक व्यायामांत द्या आणि तेही तीन आठवड्यांनी बदला: रोमानियनच्या जागी बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट (मागचा पाय बाकावर ठेवून), रोइंगच्या जागी एकहाती डंबेल. चौथ्या आठवड्यात वजन तेच, सेट निम्मे. हा आठवडा फिट माणसाला नकोसा वाटतो, तरी वगळू नका.

मुद्गल ४ किलोपासून सुरू करा. जड मुद्गल पाठीमागे गेला की खांदा फिरण्याऐवजी कंबर मागे वाकते, बरगड्या पुढे येतात. तसं दिसलं की लगेच हलका द्या.

जिमपुणे
धन्यवाद. बुधवारीही पाय जड वाटले तर?

तालीमवाला
त्याला विचारू नका, बार बघा. वॉर्मअपमध्ये ८० किलोचे ३ रेप करून घ्या. एरवी झटक्यात वर येणारा बार अर्ध्यात रेंगाळला, तर त्या दिवशी ९० किलोनं तीनच सेट. लागोपाठ दोन बुधवार असं झालं तर शुक्रवारचे इंटरव्हल चाराचे तीन करा आणि त्याची झोप विचारा. गडासाठी पहाटे चारला उठणारे शनिवारी रात्री बारापर्यंत जागे असतात.

नाशिककर_फिजिओ
आणि मंगळवारी त्याच्यासोबत कुणी वेगानं धावणारा देऊ नका. शर्यत लागली की सावकाश धावण्याचा दिवस गेलाच, आणि बुधवारचा स्क्वॉटही.