बिडची मतपत्रिका आली आहे: 'हो' म्हणावं की 'नाही'?

चष्मेवाला

इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या गावात मी नऊ वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. आमच्या बाजारपेठेतल्या बिडची मुदत संपत आली आणि परवा नव्या मतदानाचं पाकीट आलं. ते काउंटरवरच पडलंय. येणारा प्रत्येक शेजारी दुकानदार ते बघून "काय करणार?" असं विचारतो. माझा कल 'हो'कडे आहे. का ते सांगतो, पण विरोधातलं म्हणणंही मनापासून ऐकायचंय.

बिड म्हणजे बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट: बाजारपेठेचा एक आखलेला भाग, जिथले व्यावसायिक ठरावीक पट्टी भरून स्वच्छता, पहारा, जाहिरात अशी जादा कामं करून घेतात. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्याने याची सोय झाली आणि पहिलं बिड किंग्स्टन अपॉन टेम्समध्ये २००५ साली सुरू झालं. आखलेल्या हद्दीतले व्यावसायिक टपालाने मत देतात. निकाल 'हो' लागायला दोन अटी आहेत: पडलेल्या मतांत बहुमत हवं, आणि 'हो' म्हणणाऱ्यांच्या जागांची एकूण रेटेबल व्हॅल्यू (कर ठरवण्यासाठी धरलेलं जागेचं वार्षिक भाडेमूल्य) 'नाही'वाल्यांपेक्षा जास्त हवी. म्हणजे नुसत्या बड्या दुकानांच्या जोरावर जिंकता येत नाही आणि नुसत्या छोट्यांच्या संख्येवरही नाही. एकदा मंजूर झालं की हद्दीतल्या सगळ्या पात्र व्यावसायिकांना पट्टी भरावीच लागते. दर बहुधा रेटेबल व्हॅल्यूच्या एक ते दोन टक्के असतो. वीस हजार पौंडांची जागा आणि दीड टक्का दर धरला तर वर्षाला तीनशे पौंड. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, पुढे पुन्हा मतदान.

आता माझा मुद्दा. शेफील्डच्या कडेचं मेडोहॉल १९९० मध्ये उघडलं, केंटमधलं ब्लूवॉटर १९९९ मध्ये. असल्या मॉलमध्ये झाडलोट, दिवे, पहारा, जाहिरात सगळं एकाच हाती असतं आणि त्याचा खर्च प्रत्येक गाळेधारक सर्व्हिस चार्ज म्हणून भरतो. कुणी "मला झाडू नको" म्हणू शकत नाही. आमच्या रस्त्यावर मात्र पन्नास इमारतींचे पन्नास मालक, निम्मे कुठे राहतात तेही ठाऊक नाही. बिडच्या आधी इथे ऐच्छिक वर्गणी होती. चारजण द्यायचे, चाळीसजणांच्या दारात रोषणाई व्हायची. दोन वर्षांत ते चारही कंटाळले. सक्ती आली म्हणून काम टिकलं.

एक प्रसंग सांगतो. बिडने आम्हाला दुकानांच्या रेडिओचं जाळं दिलंय. गेल्या हिवाळ्यात दुपारी रेडिओवर पलीकडच्या औषधाच्या दुकानातून आवाज आला: दोघेजण, एकाचं निळं जाकीट, तुमच्या बाजूला येतायत. मी महागड्या फ्रेम्सच्या कपाटाला किल्ली लावली आणि दारात उभा राहिलो. दोघं आले, कपाटाकडे बघितलं आणि निघून गेले. काही घडलं नाही, आणि मला तेच हवं होतं.

हिशेबनीस

चष्मेवाले, प्रसंग पटला. निष्कर्ष पटला नाही.

तुम्ही बिझनेस रेट्स, म्हणजे व्यापारी जागेवरचा कर, भरता. रस्ता झाडणं, दिवे, कचरा हे त्या पैशांतून नाही तर कशातून व्हायचं? बिडने फक्त 'जादा' काम करावं असा नियम आहे. त्यासाठी काउन्सिलला (स्थानिक पालिकेला) आपण सध्या काय काय करतो याचं निवेदन द्यावं लागतं. पण ती पातळी पुढची पाच वर्षं टिकवायची सक्ती त्यातून आपोआप येत नाही. २०१० नंतर काउन्सिलांचे हात कसे आखडले ते सगळ्यांनी पाहिलंय. आज बिडचा माणूस भिंतीवर कुणी खरडलेलं रंगकाम पुसतो म्हटल्यावर उद्या काउन्सिल तिकडे फिरकणारही नाही. मग तीनशे पौंडांत जादा काय मिळालं? आधीच्याच कामाचं दुसरं बिल.

आणि मतदानाचं गणित बघा. इंग्लंडमध्ये किमान मतदानाची अट नाही. स्कॉटलंडमध्ये निदान २५ टक्के तरी मतं पडावी लागतात. समजा तुमच्या हद्दीत चारशे पात्र जागा आहेत, शंभरांनी मत दिलं आणि पंचावन्न 'हो' म्हणाले. व्हॅल्यूचीही अट भागली. पंचावन्नांच्या होकारावर चारशेजणांनी पैसे भरायचे. न भरणाऱ्यावर मॅजिस्ट्रेटच्या कोर्टातून वसुली होते. शिवाय मत माणसागणिक नाही, जागेगणिक असतं. हद्दीत काउन्सिलची स्वतःची ऑफिसं, वाचनालय, पार्किंग असेल तर त्या प्रत्येकाचं मत काउन्सिलच टाकते. जिच्या अंगावरचं काम हलकं होणार आहे तीच मतदार!

मनवा

हिशेबनीसांचं गणित बरोबर आहे, पण सुरुवात विसरून चालणार नाही. ही कल्पना सरकारने वरून लादलेली नव्हती. टोरंटोच्या ब्लूर रस्त्यावर १९६० च्या दशकात ट्राम जाऊन भुयारी मेट्रो आली. खिडकीतून दुकानं बघत जाणारं गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागलं. त्यात मॉल आले. तिथल्या दुकानदारांनीही आधी वर्गणीच काढून बघितली होती आणि त्यांचीही तीच रड होती: काही देणार, बाकीचे बघणार. म्हणून त्यांनीच कायदा मागून घेतला. १९७० मध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेज हे जगातलं पहिलं असं क्षेत्र झालं, आणि ते आजही चालू आहे.

शिवाय हे फक्त फुलांच्या टोपल्यांपुरतं नाही. लॉस एंजेलिसमधल्या बिडवर रँड या अमेरिकन संशोधन संस्थेचा २००९ चा अभ्यास आहे. बिड असलेल्या भागांत लुटालुटीचे गुन्हे साधारण १२ टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं. चष्मेवाल्यांचा रेडिओ हा त्यांचा एकट्याचा अनुभव नाही.

उंबरठा

मी बेघरांसाठीच्या रात्रनिवाऱ्यात आठवड्यातून दोन रात्री काम करते, तेव्हा माझी बाजू उघड आहे.

गुन्हे घटले हे चांगलंच. पण ज्या माणसाने काहीच गुन्हा केलेला नाही, फक्त तो दुकानाच्या दाराशी गोधडी पांघरून बसलाय, त्याचं काय होतं? न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल भागातल्या बिडच्या पथकावर १९९० च्या दशकाच्या मध्यात आरोप झाले होते की मदतीच्या नावाखाली बेघरांना मारहाण करून हुसकावलं जातं. त्याच बिडच्या हद्दीतल्या रहिवाशांनी कारभारात आपल्याला बरोबरीचं मत नाही म्हणून खटलाही केला. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. बिडचं काम मर्यादित आहे, पैसे मालमत्ताधारकांचे आहेत, तेव्हा मतांचं वजन त्यांच्याकडे असलं तरी चालेल, असा त्याचा अर्थ.

मला हे खुपतं. दुकानांच्या वर राहणारी म्हातारी, बस थांब्यावरची मुलं, रात्री झाडणारा माणूस, यांचाही तो चौक आहे. त्यांना ना मत, ना बैठकीत खुर्ची. रस्ता सार्वजनिक आणि त्याचं वळण ठरवणारं मंडळ खासगी, हे मला मान्य नाही.

चष्मेवाला

उंबरठाताई, याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. आमच्या बिडचे रेंजर, म्हणजे बाजारात फेऱ्या मारणारी बिडची माणसं, असं वागताना मी पाहिलेलं नाही. उलट एक रेंजर निवाऱ्याचा नंबर लिहिलेलं कार्ड खिशात ठेवतो. पण तो त्याचा चांगुलपणा झाला. नियमात असं काही आहे का, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

हिशेबनीस, कमी मतदानाबद्दल: मत न देणाऱ्यांचा दोष 'हो' म्हणणाऱ्यांवर का? पाकीट तर प्रत्येकाला येतं.

हिशेबनीस

पाकीट कुठे येतं ते बघा. साखळी दुकानाचं हेड ऑफिसला जातं, तिथला माणूस तुमच्या गावात कधी आलेला नसतो. छोट्या दुकानाचं पाकीट बिलांच्या गठ्ठ्यात दबतं. ज्याला बिडकडून काही मिळतंय तो मत देतो. ज्याला काही दिसतच नाही, त्याला मतदान आहे हेही ठाऊक नसतं.

दुसरी गल्ली

हिशेबनीसांचं शेवटचं वाक्य माझ्याबद्दलच आहे. माझं शिवणकामाचं दुकान मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत आहे. गाव चष्मेवाल्यांचं नाही, पण चित्र तेच. खांबांवरच्या फुलांच्या टोपल्या कोपऱ्यापर्यंत आहेत, तिथून पुढे टोपल्या टांगायचे नुसते आकडे. आकडे लावले, टोपल्या कधी आल्याच नाहीत. नकाशात मी हद्दीत आहे, म्हणून पट्टी मात्र वेळेवर येते.

पण मला याहून मोठी गोष्ट सांगायचीय. पैसे भरते मी, भाडेकरू. बाजार सुधारला तर जागेची किंमत वाढते मालकाची, आणि करार संपला की तो भाडं वाढवणार. न्यूयॉर्कमधल्या बिडवर २००७ मध्ये एक अभ्यास झाला. मोठ्या, ऑफिसांच्या भागातल्या बिडमध्ये व्यापारी जागांच्या किमती वाढल्या, छोट्या दुकानांच्या भागात फारसा फरक पडला नाही, असं त्यात आलं. मोठ्या भागात मालक जिंकला, छोट्या भागात कुणीच नाही. मी कुठे?

हॅम्बुर्गमध्ये २००५ पासून बिडचा कायदा आहे, तिथे पट्टी जागामालक भरतात. एक तृतीयांशाहून जास्त मालकांनी हरकत घेतली की प्रस्ताव बारगळतो. इंग्लंडमध्ये मालकांचं बिड करता येतं, पण ते लंडनपुरतं. बाकी देशात ओझं दुकान चालवणाऱ्यावर. हे आधी बदला, मग माझ्याकडे मत मागा.

मनवा

मालकांनी भरावं हे शंभर टक्के मान्य. मग त्यासाठी भांडूया. पण तोवर बिड बंद पाडलं तर मालकाला काय फरक पडतो? रेडिओ बंद होईल तुमचा.

दुसरी गल्ली

रेडिओ माझ्याकडे नाहीच. रेंजरसाठी मी वही ठेवलीय. आला की तारीख लिहिते. मार्चपासून सहा नोंदी आहेत.

चष्मेवाला

या वहीबद्दल वाचून मी अडलो. नऊ वर्षं मुख्य रस्त्यावर बसून 'बाजारपेठ' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्या दारासमोरचे दोनशे मीटरच होते.

मी अजूनही 'हो'च्याच बाजूने आहे. वर्गणीचे दिवस मी पाहिलेत, तिकडे परत जायचं नाही. पण मत टाकायच्या आधी बिड चालवणाऱ्या मंडळाला पत्र लिहितोय. काउन्सिल आज काय करते ते आकड्यांत लिहून द्या: आठवड्यातून किती झाडलोट, किती दिवे. ती पातळी घसरली तर काय करणार तेही सांगा. मागच्या गल्ल्यांसाठी मंडळात दोन जागा ठेवा. रेंजरच्या फेऱ्यांची नोंद गल्लीवार जाहीर करा. आणि बेघरांशी कसं वागायचं याचा लेखी नियम निवाऱ्यातल्या लोकांना विचारून करा.

हिशेबनीस

पत्राची प्रत काउन्सिलच्या अर्थखात्यालाही पाठवा. पट्टीचे पैसे आधी त्यांच्याकडच्या वेगळ्या खात्यात जमा होतात, तेव्हा उत्तर देणं त्यांना टाळता येणार नाही. मी असतो तर तरीही 'नाही' म्हटलं असतं.

उंबरठा

मसुदा झाला की इथे टाका. नियमाचा भाग मी बघून देते. निवाऱ्यात दोघंजण आहेत, दोघंही तीन वर्षं अशाच एका बाजारात झोपायचे. त्यांनाच विचारून लिहीन.

दुसरी गल्ली

वहीच्या पानांचे फोटो पाठवते, नमुना म्हणून जोडा. आणि मतपत्रिका त्यांचं उत्तर येईपर्यंत पेटीत टाकू नका. एकदा टाकली की पाच वर्षं कुणी विचारणार नाही.