डॉल्फिनच्या शिळेचा त्यांच्या कळपाशी काय संबंध आहे?

मांजराकाठ (अंबाजोगाई)
नमस्कार. मी आठवीला विज्ञान शिकवते. तारकर्लीच्या सहलीत डॉल्फिन पाहून आलेल्या मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचे अर्धवट उत्तर द्यावे असे मला वाटत नाही. प्रत्येक डॉल्फिनची शीळ वेगळी असते असे वाचनात येते. पण या प्राण्याला अशी स्वतंत्र ओळख लागते तरी कशासाठी, आणि सगळ्याच जातींत ती असते का?

गोदाकाठ (नांदेड)
मॅडम, मुलांनी नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. बॉटलनोज या जातीच्या डॉल्फिनचा कळप बांधलेला नसतो. आत्ता सोबत पोहणारे काही वेळाने पांगतात आणि दुसऱ्याच टोळीला जाऊन मिळतात. पाण्यात नजर फार लांब पोचत नाही, आवाज मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो, म्हणून आपले माणूस कुठे आहे हे कळायला शीळच कामी येते. पिलू पहिल्या वर्षातच स्वतःची शीळ घडवते. प्रत्येकाची शीळ वेगळी असते ही कल्पना कॉल्डवेल या संशोधक दांपत्याने १९६५ मध्ये मांडली. पुढे स्टेफनी किंग आणि विन्सेंट जानिक यांनी मुक्त डॉल्फिनना शिळांच्या कृत्रिम प्रती ऐकवल्या, तेव्हा स्वतःच्या शिळेची प्रत ऐकणाऱ्यांनी तीच शीळ घालून उत्तर दिले. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

बालाघाट (बीड)
वरील उत्तरात नात्यांची बाजू जोडावीशी वाटते, कारण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे नर दोघा-तिघांची युती करतात, आणि अशा युत्या एकत्र येऊन मोठा गट बनतो. ज्याच्याशी घट्ट मैत्री असते, त्याच्याशी हे नर एकमेकांच्या अंगावर पर फिरवून सलगी राखतात. मोठ्या गटातील प्रत्येकासाठी एवढा वेळ काढणे शक्य नसते, म्हणून कमी घट्ट मैत्री असलेल्या साथीदारांशी शिळांची देवाणघेवाण करून संबंध टिकवला जातो, असे २०२२ मधील अभ्यासात दिसले. मात्र आवाज नेहमी मायेचाच असतो असे नाही. हेच नर मादीला घेरून ठेवताना 'पॉप' असा तुटक, खालच्या पट्टीतला आवाज काढतात आणि तो ऐकून मादी जवळ येते. मुलांना सांगताना हा भाग वगळू नये, असे माझे मत आहे.

गोदाकाठ (नांदेड)
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. सगळ्या जातींत असे नसते. किलर व्हेल हाही डॉल्फिनच्याच कुळातला प्राणी आहे; ईशान्य पॅसिफिकमधील त्याच्या मासे खाणाऱ्या कुटुंबांत मुलगे आणि मुली आयुष्यभर आईसोबतच राहतात, त्यामुळे तिथे आवाजांचा संच साऱ्या कुटुंबाचा सामायिक असतो आणि वेगवेगळ्या कुटुंबांच्या बोलीही वेगळ्या असतात. याउलट गंगेतील डॉल्फिन, ज्याला २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर ठरवण्यात आले, बहुधा एकटा किंवा मोजक्याच सोबत्यांसह वावरतो. त्याला जवळजवळ दिसत नाही आणि तो प्रामुख्याने टकटक ध्वनींच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. वर्गात या तिन्ही जाती शेजारी-शेजारी मांडून दाखवल्यास मुलांना कळपाची रचना आणि आवाज यांतील दुवा स्वतःच हेरता येईल.