वॉटर-मिथेनॉल किटला सोलेनॉइड कुठला टाकू? जुन्याचं रबर फुगलं

होटगीरोड_टर्बो
नमस्कार मंडळी, गाडी १.८ टर्बो पेट्रोल, मॅप केलेला हाय, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं (ईसीयू) सेटिंग ताकदीसाठी बदललेलं. आपल्या सोलापूरचा उन्हाळा म्हणजे सांगायला नको, ४२-४३ डिग्रीत इंटरकूलर नुसता भट्टी होतो आणि तुळजापूरचा घाट चढताना ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागं ओढतो, गाडीत जीवच राहत नाही. म्हणून दिवाळीत वॉटर-मेथ किट बसवलं, इंजिनात जाणाऱ्या हवेत पाणी-मिथेनॉल फवारून ती गार करणारं, ५०-५० मिक्स, टाकी डिकीत, पंप १० बारचा, नॉझल थ्रॉटल बॉडीच्या नंतर. तीन महिने गाडी अशी पळाली की बास.

आता सकाळी चालू केली की आयडलला थरथरायलीय. प्लग काढले तर एक ओला. बूस्ट (टर्बोचा दाब) नसताना पाणी आत जायलंय म्हणून सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) खोलला, तर प्लंजरच्या टोकाचं रबर फुगून वाकडं झालेलं, सीटवर नीट बसतच नाही. बॉडी पितळेची, १२ व्होल्ट, विकणारा म्हणला होता सील एफकेएमचं हाय, सगळ्या केमिकलला चालतंय.

नवीन घ्यायचाय. आरओ फिल्टरवाला स्वस्तात मिळायलाय, एलपीजी किटचा कट-ऑफ एकाकडं पडून हाय, आणि एक मित्र म्हणतोय एअरजेट लूमचा (हवेच्या झोतावर चालणाऱ्या मागाचा) व्हॉल्व्ह देतो. इंजिनाची लई काळजी वाटायलीय, नीट सांगा.

लूम_मेंटेनन्स
भावा, आधी एक काम कर, पाईप नॉझलपाशी काढून बूच मार आणि मगच गाडी चालव. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये जास्त साठलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग खर्च कुठल्या कुठं जातो.

सीलचं सांगतो. एफकेएम, म्हणजे बाजारात ज्याला सरसकट व्हायटॉन म्हणतात, ते पेट्रोल-ऑईलला एक नंबर, पण त्याचा साधा ग्रेड मिथेनॉलमध्ये फुगतो. मिथेनॉलला टिकणारे ग्रेड वेगळे येतात, पण दुकानात ते कोण ओळखून देणार? तू ईपीडीएम (एक वेगळं रबर) नाहीतर पीटीएफई (टेफ्लॉन) सील माग. ईपीडीएम पाण्याला आणि मिथेनॉलला दोन्हीला चालतं, फक्त त्याला ऑईल-ग्रीसचं वावडं, म्हणून बसवताना साधं ग्रीस अजिबात लावू नको, सिलिकॉन ग्रीस लाव. बॉडी स्टेनलेस घे, पितळही चालून जातं, ॲल्युमिनियम नको, ते या मिक्समध्ये खातं.

एअरजेटचा व्हॉल्व्ह विसर. मी रोज तेच खोलतो. ते हवेसाठी बनलेत, दाब ५-६ बारचा, तुझ्या पंपाचा निम्मा.

बार_आणि_पीएसआय
वरच्या दादांनी सीलचं बरोबर सांगितलं, मी दाबाचं सांगतो कारण तिथं जास्त लोक फसतात. कॅटलॉगमध्ये जास्तीत जास्त डिफरन्शियल प्रेशर (व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) लिहिलेलं असतं, आणि त्याच व्हॉल्व्हचा आकडा डीसी कॉइलला एसीपेक्षा बऱ्याचदा कमी असतो, दुकानदार एसीचा आकडा दाखवतो आणि आपण १२ व्होल्टवर लावतो. मग पंप दाब देतो आणि प्लंजर उचलतच नाही. म्हणून १० बारच्या पंपाला डीसीवर किमान १५ बार लिहिलेला घ्या, नॉर्मली क्लोज्ड (वीज नसताना बंद), डायरेक्ट ॲक्टिंग (कॉइल थेट प्लंजर उचलते), ओरिफिस (आतलं भोक) २ मिमीच्या आसपास. ओरिफिस जितका मोठा तितकी दाबाविरुद्ध ताकद जास्त लागते आणि आपलं नॉझल तर मिलिमीटरपेक्षाही बारीक, मोठं भोक हवंय कशाला?

आरओवाला बहुतेक २४ व्होल्टचा, प्लॅस्टिकचा, घरगुती पाण्याच्या दाबाचा, डायफ्राम पायलटवर, म्हणजे पाण्याच्याच दाबाच्या मदतीनं उघडतो. तो नकोच. एलपीजीवाल्याचं सील गॅससाठी असतं, मिथेनॉलला चालेल असं लिहिलेलं नसेल तर तोही नको.

आणखी एक, कॉइल तापली की तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, २० वरून १०० डिग्रीला गेली की ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे करंट कमी, ओढ कमी. गार गाडीत टेस्ट करून खूश होऊ नका, अर्धा तास पॉवर देऊन तापलेल्या कॉइलवर पूर्ण दाबाला उघडतो का बघा. कॉइल क्लास एच (जास्त उष्णता सोसणारी) मिळाली तर उत्तम. रिलेवरून चालवा आणि कॉइलला उलटा डायोड लावा, साधा १एन४००७ पुरतो, पण कंट्रोलर व्हॉल्व्हला पल्स देणारा (भराभर चालू-बंद करणारा) असेल तर साधा ऑन-ऑफ सोलेनॉइड चालणार नाही, त्याला फास्ट व्हॉल्व्हच लागतो.

होटगीरोड_टर्बो
लई आभार दोघांचे. कंट्रोलर पंपालाच पल्स देतो, व्हॉल्व्ह नुसता ऑन-ऑफ. मग तो बसवू कुठं? आत्ता टाकीजवळ हाय. आणि चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं जाऊ देणारा) पण लागतो का सोलेनॉइड असताना?

बार_आणि_पीएसआय
नॉझलच्या जेवढा जवळ तेवढं चांगलं, फक्त टर्बो-मॅनिफोल्डच्या धगीपासून लांब. टाकीपाशी बंद केलात तर पुढची सगळी पाईप व्हॅक्यूम शोषून घेतो. बॉडीवरचा बाण नॉझलकडं. व्हॅक्यूमनं प्लंजर सीटवर अजून घट्ट बसतो, पण पंप बंद असताना बूस्ट उलट्या बाजूनं येऊन त्याला उचलू शकतो, म्हणून सोलेनॉइड आणि नॉझलच्या मध्ये चेक व्हॉल्व्ह लागतोच. त्यानं मॅनिफोल्डातली तेलाची वाफही ईपीडीएमपर्यंत येत नाही.

लूम_मेंटेनन्स
पाणी कुठलं वापरतोस ते नाही सांगितलं. बोअरचं असेल तर तेही कारण असणार, आपल्याकडचं क्षाराचं पाणी सीटवर पांढरं जमतं. डिस्टिल्डच वापर आणि व्हॉल्व्हच्या आधी बारीक जाळीचा फिल्टर टाक.

आणि एक फेलसेफ बसव. मॅप मिथेनॉलवर असताना व्हॉल्व्ह उघडलाच नाही तर नॉकिंगनं (इंधन अवेळी पेटून) पिस्टन जातो. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्ये ही पाणी-मिथेनॉलची सोय कंपनीतूनच यायची, आणि टाकी संपली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा. तू फ्लो सेन्सर लावून बूस्ट कट कर.

साधा_वाचक
मिथेनॉल हाताळताना जपा. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, आणि पेटलं तर उजेडात ज्योत दिसत नाही. आपल्याकडं ते विष म्हणून धरलं जातं, घ्यायला परवाना लागतो, घरी पाण्याच्या बाटलीत भरून कधीही ठेवू नका.

होटगीरोड_टर्बो
स्टेनलेस, ईपीडीएम, २ मिमी, १५ बार डीसी असा मागवला. तो येईपर्यंत जुन्या एफकेएमची नवीन ओ-रिंग आणि एक ईपीडीएमची, दोन्ही मिक्सच्या झाकणबंद बरणीत १५ दिवस ठेवल्या, आज व्हर्नियरनं मोजल्या. ईपीडीएम जशीच्या तशी, एफकेएम जाड झालेली, नखानं दाबली तर मऊ. पाणी बोअरचंच होतं, आण्णा. टाकी धुऊन काढायलोय.