हायपरथायरॉईड म्हणजे कॅन्सरच? घाबरवणं थांबवा

निवांत_नलू:
काल हायपरथायरॉईडवर (गळ्यातली थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते तो आजार) एका ताईंनी लिहिलं, "थायरॉईड हायपर असेल तर पुढे कॅन्सर ठरलेलाच. गाठ दिसली की ग्रंथी काढून मोकळे व्हा." खाली धन्यवादांची रांग! प्रतिसादात मावेना म्हणून हा धागा.

मोकळे कसले? जन्मभर थायरॉक्सिनच्या (थायरॉईडच्या संप्रेरकाच्या) गोळ्या, वर आवाजाची नस दुखावण्याची आणि कॅल्शियम घसरण्याची टांगती तलवार. रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, हायपरमध्ये ते घटतं) तळाला गेला म्हणजे कॅन्सर नव्हे. बघायची असते ती गाठ. स्कॅनवर गरम (म्हणजे स्वतःच जास्त संप्रेरक बनवणारी) निघाली तर तिच्यात कॅन्सर क्वचित. थंड (संप्रेरक न बनवणारी) असेल तर सुई टोचून बघतात, आणि थंडांतल्याही बहुतेक साध्याच निघतात. दक्षिण कोरियात १९९९ नंतर तपासण्यांचं पेव फुटलं, सोबत गळ्याची सोनोग्राफी. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच. शोधाल तर सापडणारच.

चिकूची_वाडी:
कोरिया राहू द्या कोरियात. माझ्या धाकट्या जावेला ग्रेव्हज, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडला जास्त काम करायला लावते तो हायपर. गाठ हाताला लागत होती. डॉक्टर म्हणाले, हायपरमध्ये कॅन्सर नसतो, कार्बिमाझोल (संप्रेरक कमी करणारी गोळी) चालू ठेवा. मग दुसरीकडे सोनोग्राफी, सुई, आणि निघाला पॅपिलरी, थायरॉईडचा कॅन्सर. मानेतल्या लसीका गाठींपर्यंत पोचलेला. तुमचं 'क्वचित' तिच्या वाट्याला आलं.

निवांत_नलू:
जावेचं वाचून वाईट वाटलं. पण त्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, गाठ पाहिली नाही. मी वर वेगळं काय म्हटलंय? "हायपरमध्ये कॅन्सर नसतो" हे माझं वाक्य दाखवा.

उंबरठा:
खरा कॅन्सर हायपरवर देतात तो रेडिओॲक्टिव्ह आयोडिनचा डोस देतो, त्यावर कुणी बोलत नाही. चेर्नोबिलनंतर पोरांना काय झालं? तेच आयोडिन १३१. माझ्या बहिणीला तेच घ्या म्हणतायत.

परळकर:
पोरांनी दूषित दूध प्यायलं. वाढत्या ग्रंथीतल्या पेशी बिघडून जगल्या. इथे डोस एवढा असतो की पेशी मरतातच. बॉस्टनला १९४१ पासून देतायत, आपल्या परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला साठ वर्षं झाली.

उंबरठा:
जुनं म्हणून चांगलं? तंबाखू त्याहून जुनी. २०१९ चा अमेरिकी अभ्यास वाचा. १८ हजारांवर रुग्ण, डोस जास्त तसा स्तनाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका जास्त.

परळकर:
वाचलाय. वाढ थोडी आहे. हायपर तसाच ठेवला तर हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात, ते कोण मोजणार? कार्बिमाझोलवर एखाद्याच्या पांढऱ्या पेशी कोसळतात, मग ताप आणि घसादुखीही जिवावर बेतते. बिनधोक्याचा रस्ता कुठला, तो तरी सांगा बहिणीला.

उंबरठा:
'थोडी' म्हणणं सोपं आहे, बहीण माझी आहे. डोस घेतल्यावर लेकराला जवळ घेऊ नका म्हणतात, त्यातच काय ते आलं.

परळकर:
थोडेच दिवस, तेही लेकराला विनाकारण किरण नकोत म्हणून. एक्स-रे काढणाराही भिंतीआड जातो. एक्स-रे बंद करायचे का? माझ्या आईने घेतलाय डोस, काल तिने पुरणपोळ्या केल्या.

उंबरठा:
पुरणपोळी हा पुरावा! वा.

टक्कल_पडलेला:
तुमचं चालू द्या. बायकोचा टीएसएच तळाला, टी४ (थायरॉईडचं संप्रेरक) वाढलेलं. घरात रडारड. निघालं काय, तर बाई केसांसाठी बायोटिन खात होती आणि त्याने रिपोर्ट चुकला. गोळ्या थांबवून परत काढला, नॉर्मल. रक्त काढताना "काही गोळ्या चालू आहेत का" एवढं विचारायला काय जातं हो?

निवांत_नलू:
मूळ मुद्द्यावर कुणी येणार आहे का?

चिकूची_वाडी:
येते. "ग्रंथी काढून मोकळे व्हा" हा मूर्खपणा आहे, घ्या, मान्य केलं. आता तुम्ही शीर्षक बदला. ते वाचून कुणी हाताला लागणारी गाठही दाखवायची नाही.

निवांत_नलू:
शीर्षक बदलणार नाही. "ग्रेव्हज असो नसो, गाठ हाताला लागली तर सोनोग्राफी करा" एवढं वर घालते. जावेखातर, तुमच्याखातर नव्हे.

उंबरठा:
आणि डोसचं?

परळकर:
वेगळा धागा काढा.