दिल्लीनं ‘खारीज’ केलं म्हणजे नेमकं काय केलं?

पऱ्हाटीवाला
नमस्कार मंडळी. शब्द हवा आहे, आणि खरंच हवा आहे.

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात मामाच्या धुऱ्याचा, म्हणजे दोन वावरांमधल्या हद्दीचा, दावा चौदा वर्षं चालला. तालुक्याला जिंकले, जिल्ह्याच्या अपिलात जिंकले, हायकोर्टात दुसऱ्या अपिलात हरले. मग दिल्ली, म्हणजे सर्वोच्च न्यायालय. मागच्या आठवड्यात तिथला आदेश आला. पाऊण पानाचा कागद. पक्षकारांची न् वकिलांची नावं सोडली तर उरतात तीन ओळी: वकिलांना ऐकलं. हायकोर्टाच्या निकालात हात घालण्याकडे आमचा कल नाही. विशेष अनुमती याचिका ‘डिसमिस्ड’.

मामा ओसरीवर बसले होते. मी वाचून म्हटलं, “मामाजी, खारीज झालं.” ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे माह्या बापानं धुरा कोरला, असं दिल्लीनं लिहून देल्लं का?”

तोवर समोरच्या पार्टीनं गावच्या ग्रुपवर टाकलं होतं, “सर्वोच्च न्यायालयाचेही शिक्कामोर्तब!” माझ्या मते दिल्लीनं तसं काहीच लिहिलेलं नाही. पण मग जे लिहिलं त्याला मराठीत काय म्हणावं?

आर्वीची लेक
“फेटाळली” म्हणा ना. खारीज हिंदी वाटतं.

निवृत्त कारकून
ताई, खारीज हिंदी नाही, अरबीतून फारसीमार्गे आलेलं आहे, आणि मराठी दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं आहे. दाखिल म्हणजे आतला, खारिज म्हणजे बाहेरचा. शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर आठवा. पोराचं नाव खारीज झालं म्हणजे पोरगं नापास झालं असं कुणी म्हणत नाही. दाखला काढला, नाव पटावरून बाहेर गेलं, एवढंच. पऱ्हाटीवालाभाऊ, तुम्ही योग्यच शब्द वापरला. मामांनी तो ‘नापास’ असा ऐकला.

मास्तर
भाषेचा प्रश्न निघालाच आहे तर सांगतो. ‘अपील’ नपुंसकलिंगी आहे. ते अपील, अपिलाचा निकाल, अपिले फेटाळली. आपल्याकडे सर्रास “माझी अपील लागली” म्हणतात, ते हिंदीचं अनुकरण आहे. आणि मुळात अपील तरी कशाला? ‘पुनर्न्याय’ म्हणा.

आर्वीची लेक
मास्तर, आमच्या घरात तीन पिढ्या ‘ती अपील’ म्हणतात. वर्धा-नागपूरकडे हिंदी शेजारी नाही, घरातच नांदते. सी.पी. अँड बेरारच्या, म्हणजे मध्य प्रांत न् वऱ्हाडच्या काळात एकाच नागपूरच्या हायकोर्टात छत्तीसगडचेही कज्जे यायचे न् वऱ्हाडचेही. पक्षकार एकाच बाकावर बसायचे. तिथं लिंग बदललं तर ती चूक कशी?

मास्तर
बाकावर बसल्यानं व्याकरण बदलत नाही.

तालुका वकील
लिंगाचं राहू द्या, मूळ प्रश्न मोलाचा आहे. सर्वोच्च न्यायालयात जाणारे बहुतेक दिवाणी-फौजदारी कज्जे राज्यघटनेच्या कलम 136 च्या वाटेनं जातात. ती विशेष अनुमती याचिका म्हणजे अपील नव्हे. ‘मला अपील करू द्या’ ही विनंती आहे. हायकोर्टाच्या निकालापासून 90 दिवसांत ती करायची. अनुमती मिळाली तर पुढं ‘दिवाणी अपील क्रमांक अमुक’ असा नंबर पडतो आणि खरं अपील तिथून सुरू होतं. मग निकाल कायम होवो, बदलो की रद्द होवो, हायकोर्टाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात विलीन होतो.

अनुमतीच नाकारली तर विलीन होण्याचा प्रश्न येत नाही. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या 2000 सालच्या निकालात हे स्वच्छ सांगितलं आहे. कारणं न देता याचिका खारीज झाली तर त्याचा अर्थ एवढाच की अपिलाची परवानगी द्यावी असं हे प्रकरण न्यायालयाला वाटलं नाही. हायकोर्टाचं बरोबर होतं असा तो दाखला नाही. अशा वेळी हायकोर्टात पुनर्विलोकन, म्हणजे त्याच निकालाचा फेरविचार, मागायची वाटसुद्धा तत्त्वतः बंद होत नाही. मुदतीचं तेवढं पाहावं लागतं.

कोरडवाहू
वकीलसाहेब, पण जमीन तर गेलीच ना? हायकोर्टाचा हुकूमनामा उभाच आहे. मग शब्द कोणताही वापरा, मामाला काय फरक?

पऱ्हाटीवाला
फरक आहे भाऊ. नांगराच्या एका तासाएवढी जमीन जाण्याचं दुःख मामा गिळतील. आजोबा गेले त्याला अकरा वर्षं झाली. ते धुराचोर होते, असं देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं ठरवलं, हे मामाला सहन होत नाही. आणि कोर्टानं ते ठरवलेलं नाही. एका चुकीच्या शब्दापायी म्हातारा माणूस चार दिवस धड जेवला नाही, म्हणून मी इथं आलो.

मोडीवाचक
‘शिक्कामोर्तब’वर मला राहवत नाही. शिवकालीन पत्रं पाहा. शिक्का पत्राच्या माथ्यावर असतो आणि मोर्तब शेवटी, जिथं मजकूर संपतो तिथं. शिवाजी महाराजांच्या मोर्तबीवर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं आहेत. म्हणजे मजकुराची मर्यादा इथं झाली, याखाली कुणी काही घुसडू नये. पूर्ण मजकूर आपला मानून दोन्ही टोकं बंद केली, तर शिक्कामोर्तब. तुमच्या मामांच्या कागदात दिल्लीनं हायकोर्टाचा मजकूर आपला मानलेलाच नाही. हा शब्द इथं चूक आहे. अपील ऐकून निकाल कायम केला असता तर शोभला असता.

मास्तर
हे मान्य. ‘मोर्तब’ मात्र मला ‘मूर्त’वरून आलेला वाटतो.

मोडीवाचक
नाही मास्तर, फारसीतून आलाय. मूर्तीशी नातं लावू नका.

आर्वीची लेक
फौजदारीतला एक अनुभव सांगते, ‘परवानगी’ शब्दाचाच आहे. आमच्या नात्यातला एक जण खुनाच्या खटल्यात सेशनला सुटला. सरकारच्या अपिलात हायकोर्टानं ते फिरवलं आणि जन्मठेप दिली. घरच्यांना कुणीतरी सांगितलं, “आता दिल्लीची परवानगी मिळाली तरच.” परवानगी मिळणारच नाही असं धरून त्याची आई हातपाय गाळून बसली. नंतर एका वकिलीणबाईंनी सांगितलं, “इथं परवानगी नको, हा हक्क आहे.”

तालुका वकील
बाई बरोबर बोलल्या. सुटका फिरवून हायकोर्टानं फाशी दिली तर घटनेच्या कलम 134 नं थेट अपील होतं, आणि 1970 च्या कायद्यानं तोच हक्क जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्यावरच्या शिक्षेपर्यंत वाढवला. तिथं न्यायालयाला पुरावाही पाहावा लागतो. फाशीचं अपील असेल तर किमान तीन न्यायमूर्ती बसतात. दिवाणीत असा हक्क नाही. कायद्याचा सर्वसाधारण महत्त्वाचा मोठा प्रश्न आहे, असं हायकोर्टानं प्रमाणपत्र दिलं तर एक वाट, नाहीतर कलम 136.

निवृत्त कारकून
पूर्वी दिवाणीत रकमेचा हिशेब होता. वीस हजारांचा दावा असेल तर जायचं. 1972 च्या घटनादुरुस्तीनं ते गेलं. माझे वडील त्याआधीचे. गावात कुणी फार ताणलं की म्हणायचे, “तुह्या वावराची किंमत वीस हजार हाय का, दिल्लीच्या गोष्टी करतं तं?” आणि आजोबा त्याच्याही आधीचे. ते ‘विलायतेपर्यंत भांडीन’ म्हणायचे, कारण 1949 पर्यंत शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाई.

मास्तर
बघा, ‘शेवटचं अपील’. नपुंसकलिंग!

आर्वीची लेक
मास्तर, आमच्याकडे ‘शेवटची’.

कोरडवाहू
मग शब्द काय ठरला? ‘अनुमती नाकारली’?

तालुका वकील
कागदावर तेच लिहावं. ‘अपील फेटाळले’ तर मुळीच नाही, कारण अपील जन्मालाच आलं नाही.

मास्तर
‘अनुज्ञा’ अधिक शुद्ध आहे.

आर्वीची लेक
ओसरीवर बसलेल्या माणसाला अनुज्ञा सांगणार का?

पऱ्हाटीवाला
काल संध्याकाळी मामाकडे गेलो. अनुमती, अनुज्ञा, काहीच वापरलं नाही. दाखल-खारीजचं उदाहरण दिलं. म्हटलं, “मामाजी, दिल्लीनं तुमचं प्रकरण पटावर घेतलंच नाही. आजोबांवर एक अक्षर लिहिलं नाही.” त्यांनी कागद परत मागितला. इंग्रजी येत नाही, तरी तिन्ही ओळींवरून बोट फिरवलं. “याच्यात बाबाचं नाव नाही ना?” मी म्हटलं, नाही. “मंग आतून पाह्यलंच नाही म्हण ना.” कागद घडी करून पेटीत ठेवला आणि मामीला चहा टाकायला सांगितला.

कारकूनकाका, तुमचे उपकार.

मोडीवाचक
‘आतून पाह्यलंच नाही.’ यापेक्षा नेमकं मला सुचत नाही.

तालुका वकील
तरी थोडी भर घालतो. याचिका चाळलेली असते, वकिलांना ऐकलेलं असतं. ‘पाहिलंच नाही’ म्हटलं तर न्यायालयावर अन्याय होईल.

निवृत्त कारकून
‘आतून’ म्हणाले ना ते. त्या शब्दात सगळं आलं.

कोरडवाहू
मला वेगळंच विचारायचं आहे. तुम्ही लोक ‘धुरा कोरला’ म्हणता. आमच्या बुलडाण्याकडे काही गावांत ‘बांध कोरला’ म्हणतात. धुरा आणि बांध एकच का?

मास्तर
धुरा म्हणजे जोखड, संस्कृत ‘धुर्’.

आर्वीची लेक
मास्तर, तो धुरा खांद्यावरचा. हा वावराचा. यावर तूर उभी राहते.