५० ब्रॉयलर पहिल्यांदाच पाळायचे आहेत, फेब्रुवारीत पिल्लं आणतोय. तयारी काय करू?

माळावरचा

सिन्नर तालुक्यात वस्तीवर घर आहे. मागचा जुना गोठा रिकामा आहे: १० बाय ८ फूट, वर पत्रा, एका बाजूला पूर्ण भिंत, बाकी तिन्हीकडं कमरेएवढी भिंत आणि वर मोकळं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ५० ब्रॉयलर पिल्लं आणायचा विचार आहे. घरी खायला, उरल्या तर भावकीत. धंदा करायचा नाही. अंगणात सहा-सात गावरान कोंबड्या मोकळ्या फिरतात, त्यामुळं कोंबडी नवीन नाही, पण ब्रॉयलरचं काही माहीत नाही.

रात्री गारठा असतो, एलईडी बल्ब लावून भागेल का? घरचा मका-बाजरी भरडून घातली तर चालेल का, की कंपनीचंच खाद्य लागतं? ५० पिल्लांसाठी लस कुणी देतं का? आणि कापायच्या केव्हा?

खुराडेवाला

एलईडी उजेड देतो, ऊब नाही. जुने तारेचे ६० किंवा १०० वॅटचे बल्ब शोधा. नाही मिळाले तर पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याकडं लाल इन्फ्रारेड बल्ब मिळतो. पिल्लामागे २ वॅट हा नेहमीचा हिशोब बंद शेडचा आहे. तुमचा गोठा तिन्हीकडून उघडा, रात्री पारा १२ च्या आसपास, तेव्हा पिल्लामागे ४ वॅट धरा, म्हणजे एकूण २००. पण एकच मोठा बल्ब नको. १०० चे दोन लावा, रात्री एक उडाला तर दुसऱ्यावर सकाळ गाठता येते.

चिकगार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचा गोल कठडा, चार फूट व्यासाचा, दीड फूट उंच. साडेबारा फूट पत्रा किंवा जाड पुठ्ठा वळवला की झाला. गोलच करा. कोपरा असला की गारठ्यात पिल्लं तिथं एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. खाली तीन इंच भाताचा तूस. घोटी-इगतपुरीकडच्या गिरण्यांत मिळेल. गव्हाचा भुसा नको, ओला झाला की त्याची पोळी बसते. तुसावर पहिले तीन दिवस खरखरीत कागद किंवा पुठ्ठा अंथरा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून पिल्लांचे पाय फाकतात, आणि फाकलेला पाय आपोआप क्वचितच सुधारतो.

पिल्लं यायच्या पाच-सहा तास आधी बल्ब चालू करून तूस गरम करून ठेवा. हवा गरम पण तूस गार, ही चूक सर्रास होते. थर्मामीटर तुसापासून दोन इंचांवर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला टांगा. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर गार पडतंय, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोची उघडून बसली तर वर घ्या. सगळीकडं सारखी पसरलेली, काही खाणारी, काही आडवी झोपलेली, असं चित्र पाहिजे.

आल्या आल्या आधी पाणी, मग खाद्य. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून सोडा, ५० पिल्लांना दहा मिनिटं लागतात. पाणी कोमट, लिटरला ५० ग्रॅम गूळ, तेही पहिले तीन-चार तासच. जास्त वेळ गोड पाणी दिलं की हगवण लागते आणि शेपटीखाली चिकटा धरतो. रात्री आठ-दहा तासांनी दहा-बारा पिल्लं उचलून गळ्याखालची पिशवी बोटानं चाचपा. मऊ, लापशीसारखी भरलेली असली पाहिजे. कडक लागली तर दाणे खाल्लेत पण पाणी सापडलेलं नाही. रिकामी लागली तर ऊब कमी आहे किंवा भांडी दूर आहेत. त्याच वेळी पिल्लाचे पाय स्वतःच्या गालाला लावून बघा, गार लागले तर तूस गार आहे.

चौथ्या दिवसापासून गार्ड थोडा थोडा रुंदावत जा, आठव्या-नवव्या दिवशी काढून टाका. गोठ्याच्या मोकळ्या भागाला अर्धा इंची जाळी मारा. एक इंची जाळीतून उंदीर आणि लहान साप आत येतात. मुंगूस आणि मांजर दोन्ही जाळ्यांना अडतं, पण जाळी भिंतीला खालून पक्की पाहिजे.

घरचा मका-बाजरी विसरा. गावरान कोंबडी किडे-पाला खाऊन स्वतःचं भागवते. ब्रॉयलरला पहिल्या दहा दिवसांत २२ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, मक्यात ती ८-९ टक्केच. नुसत्या मक्यावर कोंबडी चरबी धरते, मांस धरत नाही, आणि कॅल्शियम-फॉस्फरस कमी पडून तिसऱ्या आठवड्यात पाय वाकतात. कंपनीचंच खाद्य घ्या, ते वाढत्या वयाप्रमाणे तीन टप्प्यांत येतं: पक्ष्यामागे प्री-स्टार्टर अर्धा किलो, स्टार्टर एक किलो, फिनिशर दोन किलो. म्हणजे ५० पक्ष्यांना २५, ५० आणि १०० किलो, एकूण पावणेदोनशे. एवढ्यात सरासरी दोन किलोच्या आसपास जिवंत वजन मिळालं तर पहिल्या खेपेला उत्तम समजा. खर्चातला दोन तृतीयांश भाग खाद्याचाच असतो, तेव्हा दुकानापेक्षा स्वस्त पडेल ही आशा धरू नका. काय खाल्लंय ते माहीत असलेली कोंबडी मिळते, हाच फायदा.

पशुसेवक

वरच्या प्रतिसादात लस राहिली, ती लिहितो.

पिल्लं घेताना मरेक रोगाची लस हॅचरीत (अंडी उबवणी केंद्रात) दिली आहे का ते विचारा. पुढचं वेळापत्रक असं:

५ ते ७ वा दिवस: लासोटा (राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी), डोळ्यात एक थेंब.
१२ ते १४ वा दिवस: गंबोरो रोगाची लस, पाण्यातून.
२१ वा दिवस: लासोटा पुन्हा, पाण्यातून.

५० पिल्लांना लस द्यायला कुणी घरी येणार नाही, पण १०० मात्रांची कुपी पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मागवता येते. थर्मासमध्ये बर्फावर आणा, घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. उघडलेली कुपी दोन तासांत संपवायची. उरलेली पुढच्या बॅचला ठेवली तर ते नुसतं पाणी असतं.

पाण्यातल्या लशीत चूक होते ती अशी. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं आणि ते लशीतला जिवंत विषाणू मारून टाकतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घ्या आणि तरीही लिटरला ५ ग्रॅम स्किम्ड दूध पावडर आधी विरघळवा, मग लस. पाणी किती घ्यायचं? १००० पक्ष्यांना वयाच्या दिवसांइतके लिटर. १४ व्या दिवशी १००० ला १४ लिटर, म्हणजे तुमच्या ५० ला पाऊण लिटरच्या आत-बाहेर. त्याआधी दीड तास पाणी काढून घ्या, म्हणजे तहानेनं सगळ्या एकदम पितात. सकाळी लवकर उरका. ड्रिंकर (पाणी प्यायचं भांडं) त्या दिवशी साबणानं धुऊ नका.

लस दिल्यावर दोन दिवस शिंका येतील, त्याला औषध लागत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विष्ठेत रक्त किंवा लालसर चॉकलेटी रंग दिसला, पिसं फुलवून पक्षी गप्प बसले, तर ती कॉक्सी, आपण रक्ती हगवण म्हणतो ती. कारण जवळपास नेहमीच ओला तूस. ॲम्प्रोलियम २० टक्के पावडर लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास, पाच दिवस पाण्यातून. त्या पाच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. ॲम्प्रोलियम थायमिनच्या (जीवनसत्त्व बी-१) वाटेनंच काम करतं, जीवनसत्त्व दिलं की औषध बोथट होतं. दुकानदार दोन्ही बाटल्या एकत्र हातात देतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गावरान कोंबड्या हाच तुमच्याकडचा सगळ्यांत मोठा धोका. त्या धडधाकट दिसतात आणि रोग बाळगून असतात. रोज आधी ब्रॉयलरचं काम, नंतर गावरानचं. गोठ्यासाठी वेगळी चप्पल दारातच ठेवा. गावरानांनाही लासोटा देऊन घ्या, कुपीत मात्रा उरतातच.

५० मध्ये दोन-तीन मरणं धरून चाला. पहिल्याच आठवड्यात पाच गेली तर ऊब किंवा पिल्लं, दोहोंपैकी एक बिघडलंय. बेंबी ओली आणि काळपट असेल तर दोष पिल्लांचा, हॅचरीला कळवा. पण एका दिवसात सात-आठ मोठ्या कोंबड्या लक्षण न दाखवता गेल्या, तुरे निळे पडले, तर घरी फाडून बघू नका, कापून खाऊ तर मुळीच नका, थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच नवापूरला झाला होता.

भरउन्हात

फेब्रुवारीच्या मध्याला आणलेली बॅच मार्चच्या शेवटी दोन किलोची होते, आणि तेव्हा सिन्नरला ३६-३७ अंश असतात. सुरुवातीला थंडी, शेवटी ऊन, हा या मोसमाचा पेच आहे. शक्य असेल तर पंधरा दिवस अलीकडं आणा, जानेवारीअखेर. बल्बाची वीज चार पैसे जास्त जाईल, पण वजनदार कोंबड्या उन्हात सापडणार नाहीत.

पत्र्यावर बाहेरून चुना मारा आणि वर पाचट किंवा तुराट्यांचा थर टाका. चौथ्या आठवड्यापासून सकाळी दहाला खाद्याची भांडी वर टांगायची, संध्याकाळी पाचला खाली. पचनाची उष्णता आणि उन्हाची उष्णता एकत्र आली की कोंबडी जाते. भूक पहाटे पाच ते नऊ आणि रात्री दिवा लावून भागवा. पाणी एरवी दिवसाला १५ लिटर पुरतं, त्या उन्हात २५ धरा. प्लास्टिकची टाकी उन्हात असेल तर नळीतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं आणि कोंबड्या पितच नाहीत. माठातलं पाणी घाला. दुपारी पश्चिमेच्या जाळीवर बाहेरून ओलं गोणपाट सोडा, पक्ष्यांवर पाणी मारू नका. एकदा-दोनदा आत हळू चालून त्यांना उठवा. बसून राहिलेल्या जाड कोंबडीच्या पोटाखाली उष्णता कोंडते.

जागा: ८० चौरस फूट ५० ला उन्हाळ्यातही पुरेशी आहे. गर्दीची चिंता नको.

कापायचं आताच ठरवा. सगळ्या ५० एका दिवशी कापल्या तर ६०-६५ किलो मटण होतं, घरच्या फ्रिजमध्ये ते मावत नाही. ३३ व्या-३४ व्या दिवसापासून सगळ्यांत जड आठ-दहा आधी काढत जा. उन्हात त्याच आधी मरतात. ४२ दिवसांच्या पुढं ठेवू नका. खाद्य खातात, त्या मानानं वजन वाढत नाही आणि पाय बसतात.

आदल्या रात्री खाद्य बंद, आठ-दहा तास, पाणी चालू. आतडी भरलेली असली की साफ करताना फुटतात आणि मांस खराब होतं. पिसं काढायची असतील तर पाणी ६० ते ६२ अंश, ४५ सेकंद ते एक मिनिट. उकळतं पाणी घेतलं की कातडी पिसांबरोबर फाटते. दोन किलोच्या कोंबडीचं कातडीसकट १४०० ग्रॅम, सोलून १२५०-१३०० ग्रॅम मिळतं. बर्फाच्या पाण्यात गार करून सहा-आठ तास फ्रिजमध्ये ठेवा, मग शिजवा किंवा गोठवा. कापल्या कापल्या ताठर होण्याच्या वेळी गोठवलेली कोंबडी कितीही शिट्ट्या दिल्या तरी चिवट राहते. पिसं-आतडी दोन-तीन फूट खड्ड्यात, वर चुना, नाहीतर वस्तीवरची कुत्री रोज येऊन बसतील.

शेवटच्या आठवड्यात कुठलंही औषध पाण्यात नको. अँटिबायोटिक दिलंच तर पाकिटावर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस कापू नका. कोलिस्टिन असलेलं कुणी देऊ केलं तर घेऊ नका, २०१९ पासून जनावरांसाठी बंदी आहे.

माळावरचा

सगळ्यांचे आभार. जानेवारीअखेरचंच धरतो. दोन शंका. वस्तीवर रात्री कधी कधी तीन-चार तास लाईट जाते, तेव्हा काय? आणि तूस ओला झाला तर चुना टाकतात असं ऐकलंय, किती टाकू?

खुराडेवाला

घरात इन्व्हर्टर असेल तर १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर २०० वॅट पाच तास निघतात. नसेल तर पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये कढत पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून गार्डमध्ये ठेवा, वर अर्ध्या भागावर पोतं टाका. कोळशाची शेगडी ठेवणार असाल तर निखारे बाहेर पूर्ण पेटवून, धूर संपल्यावरच आत आणा, आणि गोठ्याच्या मोकळ्या बाजूंना सोडलेले पडदे वरून वीतभर उघडे ठेवा. बंद खोलीत शेगडीनं पिल्लं तर जातातच, राखण करणारा माणूसही जातो.

तसे पडदे एरवीही वरून वीतभर उघडेच हवेत. गारठ्याच्या भीतीनं सगळं बंद केलं की हवा कोंडते आणि पुढं चौथ्या आठवड्यात पोटात पाणी झालेल्या कोंबड्या निघतात. त्याला औषध नाही.

चुना शंभर चौरस फुटाला दोन-तीन किलो टाकून खालीवर करतात.

पशुसेवक

चुन्याबाबत माझं मत वेगळं आहे. ओल्या तुसात चुना मिसळला की सुरुवातीला अमोनिया जोरात सुटतो, पक्षी आत असताना डोळे झोंबतात आणि पुढं श्वासाचा त्रास लागतो. चुना बॅच निघाल्यावर, मोकळ्या जमिनीला. पक्षी असताना ओली पोळी खरवडून बाहेर टाका आणि तिथं कोरडा तूस भरा. मूठभर तूस दाबून बघा: गोळा होऊन लगेच सुटला तर ठीक, गोळाच राहिला तर ओला. नि ओलं होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा ड्रिंकर असतो. त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी वर घेत जा.